अक्काचं सोंग

नेपरव्हिल

अमेरिकेहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो विचारतो, काय काय बघितलंस? मी सांगायला लागले की लोकांची निराशा होते. मी ना धबधबा बघितला, ना उंच पुतळा. मी एक तळं बघितलं, आणि त्या तळ्याकाठी धुक्यात काहीही न करता उभी राहिलेली माणसं बघितली. त्यांत माझी थोरली बहीण, अक्का, होती. तिला सांगलीला घेऊन यायचं, एवढ्याच कामासाठी मी गेले होते.

अक्का लग्न झाल्यावर शिकागोजवळच्या नेपरव्हिलला गेली ती तिथलीच झाली. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिनं नोकरी केली, तिथूनच रिटायर झाली. भावजी गेले. मग तिचा उजवा हात थरथरायला लागला आणि डॉक्टरांनी पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. गेल्या थंडीत ती दारातल्या बर्फावरून घसरली आणि मनगट मोडून घेतलं. दोन मजली घरात एकटी बाई. आमच्या दादानं निर्णय घेऊन टाकला. खालची खोली रंगवली, बाथरूमला धरायला दांड्या बसवल्या, फिजिओथेरपीवाली ठरवली आणि मला म्हणाला, "शैले, जा आणि विजूला घेऊन ये." अक्काला तो विजू म्हणतो.

मी सांगलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. हातात घेतलेलं काम संपल्याशिवाय मला बसवत नाही, आणि एक संपलं की दुसरं दिसतंच. केंद्रातल्या बायका म्हणतात, ताई झोपेतही पाय हलवत असतील. खोटं नाही ते.

पहिल्याच पहाटे, वेळेचा गोंधळ झाल्यामुळे, मी लवकर उठून स्वयंपाकघरात आले. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. सप्टेंबर संपत आला होता, गवतावर दव होतं, आणि अक्का गवताच्या मध्यावर उभी होती. गुडघे जरासे वाकवलेले, दोन्ही हात पुढे गोल धरलेले, जणू पाण्यानं भरलेला मोठा हंडा कवेत घेतलाय. डोळे मिटलेले. उजवा हात थरथरत होता. या आजारात माणूस चालता चालता जागच्या जागी अडकतो, असं मी वाचलं होतं. तशीच अनवाणी बाहेर धावले.

"अक्का, काय झालं? पाय हलत नाहीयेत का?"

"काही झालं नाही," ती डोळे न उघडता म्हणाली. "उभी आहे."

"कशाला?"

"उभं राहायला."

माझे तळपाय दवानं गारठले. ती आपली उभीच. मी तिथंच येरझाऱ्या घालायला लागले, तशी ती म्हणाली, "शैले, आत जाऊन चहा कर. तू असलीस की गवतसुद्धा हलतं."

चहा पिताना तिनं सांगितलं. हॉस्पिटलात एक्स-रे काढणाऱ्या लिन नावाच्या बाई तिच्या मैत्रीण होत्या. त्याही आता रिटायर होत्या आणि शिकागोत हे चिनी व्यायाम शिकवायच्या. अक्का आजार कळल्यापासून त्यांच्याकडं जायची. आता विस्कॉन्सिनला तळ्याकाठी चार दिवसांचं शिबिर होतं.

"म्हणजे यानं बरं होतं?" मी विचारलं.

"नाही. गोळ्या आहेत त्या आहेतच. आजार वाढायचा तेवढा वाढणार." तिनं कप दोन्ही हातांनी धरला. "तू चल माझ्याबरोबर. तिथून आल्यावर तुझं काय ते बोलू."

तुझं काय ते. म्हणजे तिला माहीत होतं.

दुपारी नेहाचा फोन आला. अक्काची एकुलती एक लेक, जन्मानं अमेरिकन, टेक्ससमधल्या फ्रिस्कोला असते. घोड्यांची डॉक्टर आहे. तिला आईला स्वतःकडं न्यायचं होतं. "मावशी, सांगली ऑर फ्रिस्को, आय डोन्ट केअर," ती म्हणाली. "पण त्या घरात ती एकटी नको. शी डझन्ट लिसन टू मी. तुझं ऐकेल." शिबिराच्या शेवटच्या दिवशी ती विमानानं मिलवॉकीला येणार, तिथून गाडी घेऊन तळ्यावर पोचणार, आणि आम्ही दोघी मिळून अक्काशी बोलणार, असं आमचं ठरलं. अक्काला सांगायचं नाही, असंही ठरलं.

शिकागो, चायनाटाउन

शिबिराला निघायच्या दिवशी शहरात जायला आम्ही सकाळची आगगाडी पकडली. स्वच्छ, दोन मजली डबा, आणि डबाभर शांतता. मला वाटलं लोक पेंगतायत. सांगलीत तेव्हा संध्याकाळ होती, केंद्रात गर्दीची वेळ, म्हणून मी फोन लावला आणि मोठ्यानं विचारलं, मटकीची उसळ झाली का, गॅसवाला आला का. कंडक्टर येऊन हसला आणि दारावरच्या पाटीकडं बोट दाखवलं. तो डबा गप्प बसणाऱ्यांचा होता. आपल्याकडं बायकांसाठी डबा असतो, अपंगांसाठी असतो; गप्प बसणाऱ्यांसाठी डबा काढला तर तो रिकामाच धावेल. मी फोन ठेवला. पण बोटं आपली बाकावर वाजतच होती. शेवटी अक्कानं त्यांवर हात ठेवला. तिचा हात थरथरत होता आणि माझा वाजत होता. आम्ही एकमेकींकडं बघून हसलो.

लिन बाईंनी आम्हाला चायनाटाउनमधल्या एका छोट्या हॉटेलात बोलावलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, आखूड केसांच्या. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी आधी माझ्या खांद्यांकडं बघितलं. "तुमचे खांदे कानांना काय सांगतायत?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"इतके जवळ गेलेत म्हणून विचारलं."

मी खांदे खाली केले. क्षणभरानं बघते तर पुन्हा वर.

खायला तांदळाची पेज आली. मोठा वाडगा, वर आल्याचे बारीक काप, कांद्याची पात, शेंगदाणे, बाजूला मोहरीच्या पाल्याचं लोणचं. आमच्याकडं असली पेज आजाऱ्याला देतात, म्हणून मला ती बघूनच अशक्त वाटायला लागलं. पण तिथं धडधाकट माणसं ती सकाळी सकाळी ओरपत होती, वर तळलेली लांबडी पोळी बुडवून खात होती. मीही बुडवली. छानच लागली. आणि प्यायला गरम पाणी. लिन बाई म्हणाल्या, "अमेरिकेत इतकी वर्षं झाली, पण बर्फ घातलेलं पाणी मला अजून जमत नाही." मी म्हटलं, आमच्या आईलाही जमलं नसतं.

मग आम्ही त्यांच्या गाडीतून उत्तरेकडं निघालो. कापणी झालेली मक्याची शेतं, लाल कोठारं, मधेच कुठंतरी गाईचा मोठा पुतळा. एका दुकानात ताज्या चीजचे गोळे मिळाले, ते चावताना दाताखाली चुर्र चुर्र वाजतात. लिन बाई गाडी सावकाश चालवत होत्या, आणि मी मागच्या सीटवर बसून पायानं ब्रेक दाबत होते, ॲक्सिलरेटर दाबत होते, वाटेतली प्रत्येक गाडी ओव्हरटेक करत होते.

तळ्याकाठी

शिबिराची जागा म्हणजे उन्हाळ्यात मुलांच्या सहलींसाठी बांधलेल्या लाकडी खोल्या. एकावर एक पलंग, एक मोठं स्वयंपाकघर, समोर उतार, उताराच्या टोकाला तळं. झाडं लाल-पिवळी झाली होती. पानं कुणी न हलवता गळत होती. फोनला रेंज फक्त गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत, एका विशिष्ट खांबाजवळ. त्या खांबाशी माझी लगेच ओळख झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तळ्याकाठी उभे राहिलो. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, थोडे चिनी, थोडे गोरे, आम्ही दोघी. लिन बाई सांगत होत्या. पायांत खांद्यांइतकं अंतर. गुडघ्यांना कुलूप नको. जीभ टाळूला टेकवा. श्वास बेंबीखाली चार बोटं उतरू द्या. डोक्याला वरून कुणी दोऱ्यानं धरलंय, बाकी सगळं खाली सोडून द्या. आणि मधूनमधून त्या म्हणायच्या, "सोंग. सोंग."

मी मनात म्हटलं, अगदी बरोबर. सोंगच आहे हे सगळं.

पहिलं एक मिनिट बरं गेलं. मग नाक खाजलं. मग वाटलं, केंद्रात दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतील. मग मांड्या भरून आल्या, कानाशी डास गुणगुणला, कुणाच्या तरी पोटातून आवाज आला. अक्काला मी कसं विचारणार, कुठल्या शब्दांत सुरुवात करणार, याची मनात तालीम सुरू झाली. दादा असं म्हणाला म्हणू की आम्ही सगळे म्हणतो म्हणू? डोळे किलकिले करून बघितलं तर अक्का धुक्यात उभी होती, चेहरा निवलेला. मला तिचा रागच आला. हिच्यासाठी मी तिकडचं सगळं टाकून आले, आणि ही निवांत.

नाश्त्याला जाताना मी तिला म्हटलं, "काय गं ते सोंग सोंग? सोंगं काय कमी आहेत आपल्याकडं?"

अक्का इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. "अगं, त्यांच्या भाषेत सोंग म्हणजे सैल सोडणं. त्यांच्या लिपीत त्या अक्षरात केसांचं चिन्ह आहे म्हणे. अंबाडा सोडून केस मोकळे केल्यासारखं."

"मग झोपावं की सरळ."

"झोपल्यावर गळून जातो आपण. हे तसं नाही. उभं तर राहायचंय."

मला ते काही कळलं नाही. दुपारी सगळे विश्रांती घेत होते, तेव्हा मी स्वयंपाकघरात घुसले. अक्कानं शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून आणलेली कणीक होती. तीन दिवस नुसत्या उकडलेल्या भाज्या आणि टोफू खाऊन माझं कसं होणार, म्हणून सगळ्यांसाठी पोळ्या करायच्या ठरवल्या. खरं सांगायचं तर हातांना काम हवं होतं. कणीक भिजवून ठेवली तेवढ्यात लिन बाई आल्या. गोळा बोटानं दाबून म्हणाल्या, "झालं की. लाटत का नाही?"

"मुरायला हवी," मी म्हटलं. "लगेच लाटली तर आकसते, ताणली तर फाटते. थोडा वेळ झाकून ठेवली की सैल होते. मग हवी तेवढी पातळ लाटा, तुटत नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि टेबलावर थाप मारली. "सोंग!" त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज हेच करता आणि बहिणीला विचारता काय ते!"

मला बरं वाटलं, पण फार वेळ नाही. तिसरी की चौथी पोळी थेट आचेवर फुगवायला टाकली, थोडा धूर झाला, आणि छताला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं. इमारतभर घंटा. विश्रांती घेणारे सगळे म्हातारे मोज्यांवर बाहेर थंडीत धावले. कुणी पांघरूण गुंडाळलेलं, कुणाचा चष्मा आत राहिलेला. मी हातात लाटणं घेऊन दारात. ती घंटा बंद कशी करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एका उंच आजोबांनी खुर्चीवर चढून ते यंत्रच काढून हातात घेतलं. रात्री मात्र पोळ्या पुरल्या नाहीत.

ढकलाढकली

तिसऱ्या दिवशी लिन बाईंनी जोड्या लावल्या. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं, एकीनं ढकलायचं. दुसरीनं अडवायचं नाही आणि पळायचंही नाही, फक्त पाय जमिनीत ठेवून येणारा जोर वाटेला लावायचा. माझ्यासमोर अक्का आली.

मी आधी बेतानं ढकललं. आजारी बाई ती, पडली म्हणजे? तिचं मनगट माझ्या मनगटावर थरथरत होतं, आणि तरी मला पुढं कुठं काही लागेना. पडदा ढकलावा तसं. मी जरा जोर लावला. ती कमरेतून वळली, मी नुसतीच पुढं गेले. मला चीड आली. सगळं आठवायला लागलं. दादाचे फोन, रंगवलेली खोली, बर्फावर पडल्यावर हिनं आम्हाला आठवडाभर न सांगणं. मी दोन्ही हातांनी ढकललं. अक्का बाजूला झाली, आणि मी सुयांसारख्या पानांच्या थरावर गुडघ्यांवर आपटले.

"लागलं का?" अक्का वाकून विचारत होती.

"नाही." लागलं होतं.

"तू माझ्याकडं बघतच नव्हतीस, शैले. मला न्यायचं कुठं, तिकडं बघत होतीस."

मग मला राहवलं नाही. तिथंच मातीत बसून मी सगळं बोलले. मनातल्या मनात घोटून ठेवलेलं वाक्य एकही आठवलं नाही. म्हटलं, "दादानं तुझ्यासाठी खोली केलीय. दांड्या बसवल्यात. पूर्वेला खिडकी आहे. तू इथं पडलीस आणि कुणाला कळलंच नाही तर? मला रात्री झोप लागत नाही, अक्का. तुझा फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही की मला घाम फुटतो."

ती माझ्याशेजारी बसली. बसायला तिला वेळ लागला. "दांड्या बसवल्या दादानं?" तिनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. "रंग कुठला दिलाय?"

"फिकट पिवळा."

"मला आवडतो तो." तिनं माझ्या गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाली, "पण मला कुणी विचारलं नाही गं. नेहानंही नाही. सगळ्यांनी मला ठेवायची जागा शोधली."

तिला पुढं काहीतरी म्हणायचं होतं, पण लिन बाईंनी सगळ्यांना हाक मारली.

संध्याकाळी मी माझ्या खांबाकडं गेले तर तिथं लिन बाई आधीच फोनवर होत्या. चिनी भाषेत ओरडत होत्या. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं हवेत फोन आपटत. ही तीच बाई, जी सकाळी झाडासारखी उभी असते? मी मागं फिरणार तेवढ्यात त्यांनी फोन बंद केला आणि मला बघितलं.

"मुलगा," त्या म्हणाल्या. "कॅलिफोर्नियात. म्हणतो, आई, गाडी चालवणं बंद कर, इकडं ये."

"मला वाटलं तुम्हाला राग येत नसेल."

"का? मेलेय का मी?" त्यांनी नाक पुसलं. "लोकांना वाटतं सोंग म्हणजे शांत बाई. शांत बाई फोटोत असते. मला धडधडतं, झोप लागत नाही, मुलावर ओरडते. फक्त तो ढकलतो तेव्हा माझे पाय कुठं आहेत हे मला कळतं. तेवढंच शिकले इतक्या वर्षांत." मग खांब माझ्यासाठी सोडून त्या निघून गेल्या.

मी नेहाला फोन लावला. ती विमानतळावर होती. "मावशी, आय ॲम बोर्डिंग. तू बोललीस का?"

"बोलले."

"अँड?"

"तू ये," मी म्हटलं. आणखी काय सांगणार?

शेवटची सकाळ

नेहा नाश्त्याच्या वेळी पोचली. मी गाडीचा आवाज ऐकून वर गेले. घोड्यांच्या तबेल्यातले बूट पायात तसेच, डोळ्यांखाली काळं. मिठी मारता मारता तिनं विचारलं, "व्हेअर इज शी?"

अक्का खाली तळ्याकाठी होती. तिनं वर बघितलं. लेक दिसली. तिचा चेहरा असा काही उजळला की मला आमच्या कारस्थानाची लाज वाटली. "नेहू!" म्हणून ती उतार चढायला लागली, भराभर. या आजारात घाई हीच वैरीण. पाऊल अडकलं, अंग पुढं गेलं, ओल्या पानांवरून पाय सुटला, आणि अक्का एका अंगावर पडली.

नेहा किंचाळून धावली. मी तिच्या शेजारीच होते. मीही धावायला पाऊल उचललं होतं, माझं सगळं आयुष्य त्या पावलात होतं. आणि तेवढ्यात मला दिसलं, अक्कानं पडल्या पडल्या हात वर केला होता. तळवा आमच्याकडं. थांबा.

मी नेहाचं मनगट पकडलं.

"मावशी, लेट गो!"

"थांब."

"घोडा पडला की आपण बघत बसत नाही! एव्हरी मिनिट..."

"ती थांब म्हणतेय, नेहा. बघ तिकडं."

नेहानं हिसडा दिला. तबेल्यात काम करणारी पोरगी, तिच्या हातात ताकद होती. पण मी आयुष्यभर कणीक मळलीय. मी सोडलं नाही. खाली लिन बाईही उभ्या होत्या, एक पाय पुढं टाकलेला, चेहरा पांढरा, पण त्याही तिथंच थांबल्या होत्या.

अक्का आधी नुसतीच पडून राहिली. श्वास घेताना तिची पाठ वर-खाली होताना दिसत होती. मग ती सावकाश कुशीवर वळली. गुडघा पोटाशी घेतला. एक तळहात जमिनीवर टेकला, मग दुसरा. उजव्या हाताखालची पानं सळसळत होती, इतका तो थरथरत होता. ती रांगत्या मुलासारखी हातापायांवर आली आणि तशीच थांबली. मला वाटलं, आता नाही जमणार. माझी नखं नेहाच्या मनगटात रुतली होती. माझ्या घशातून हाक बाहेर यायला बघत होती आणि मी ती गिळत होते. इतकं अवघड काम मी उभ्या जन्मात केलेलं नाही, आणि ते काम काहीही न करण्याचं होतं.

मग अक्कानं एक पाऊल टेकवलं. त्या पायावर सगळा भार दिला, घाई न करता, जणू भार नीट पोचतोय का हे बघत. आणि उठली. उभी राहून तिनं केसांतली पानं झटकली.

मी नेहाला सोडलं. ती धावत गेली आणि आईला मिठी मारून रडायला लागली. मग माझ्याकडं वळून ओरडली, "व्हाय डिड यू स्टॉप मी? शी कुड हॅव ब्रोकन हर हिप!"

"हो," मी म्हटलं. "मोडलं असतं." मी खाली बसले.

कोपर खरचटलं होतं, मांडीवर नंतर मोठा काळा-निळा डाग उठला. बाकी काही नव्हतं. आम्ही तिघी पायरीवर बसलो. लिन बाईंनी गरम पाणी आणून दिलं आणि निघून गेल्या.

"आज उठले," अक्का म्हणाली. "एक दिवस उठणार नाही. मला माहितेय ते. माझाच आजार आहे. पण तो दिवस येणार म्हणून मला आजच उचलून ठेवू नका गं."

"आई, आय ॲम नॉट... मी ठेवत नाहीये तुला कुठं," नेहा म्हणाली. "मला भीती वाटते. आय ॲम जस्ट स्केअर्ड, ऑल द टाइम."

"मलाही वाटते." अक्कानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मग आपण तिघी घाबरू या. पण विचारा मला. प्रत्येक वेळी विचारा."

मग नेहानं विचारलं. पहिल्यांदाच विचारलं, आणि अक्कानं सांगितलं. ते घर विकायला तिची हरकत नव्हती, जिने तिलाही नको होते. पण गाव तेच हवं होतं. स्टेशनजवळ तळमजल्यावर छोटी जागा, म्हणजे गाडी चालवता आली नाही तरी शहरात लिन बाईंकडं जाता येईल. लिन बाई कॅलिफोर्नियाला गेल्या तर? तर बघू, ती म्हणाली. नेहानं अट घातली: गळ्यात एक बटण घालायचं, पडलीस की दाबायचं, थेट मदत येते. अक्कानं नाक मुरडलं. दोघी त्यावरून चांगल्या पाऊण तास भांडल्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत. शेवटी अक्का म्हणाली, "घालीन. पण दाबायचं कधी ते मी ठरवीन." नेहा म्हणाली, "फाइन." मला त्या फाइनमध्ये बरंच काही शिल्लक ऐकू आलं.

आणि मी? सांगलीचं नाव मी काढलंच नाही. अक्कानं काढलं. "हिवाळ्यात येईन म्हणते," ती म्हणाली. "पाय हो म्हणाले तर. पाहुणी म्हणून, परत जायला."

सांगली

नेपरव्हिलला परत गेल्यावर मी उरलेले दिवस अक्काच्या मागच्या अंगणात तिच्याबरोबर उभी राहिले. माझं मन शांत वगैरे झालं नाही. नाक खाजायचं, केंद्र आठवायचं, ती पुन्हा पडेल हे तर रोज आठवायचं. अजूनही आठवतं. इथं सकाळी गच्चीवर उभी राहते तेव्हा खालून केंद्रातल्या बायका हाका मारतात आणि मी पहिल्या हाकेला खाली उतरते. तरी खांदे कानांशी गेले की कळतं आता. खाली आणते. ते पुन्हा जातात.

दादा मला न्यायला मिरज स्टेशनवर आला होता. फोनवर त्याला सगळं सांगून झालं होतं, पण त्याला ते पटलेलं नव्हतं. संध्याकाळी जेवणाआधी त्यानं खालच्या खोलीचं दार उघडलं, दिवा लावला, परत बंद केला.

"तिला समजावायला पाठवलं होतं तुला," तो म्हणाला. "काय करणार ती तिथं एकटी?"

"मला काय विचारतोस, दादा? तिला विचार की. आत्ता तिथं सकाळ आहे."

मी फोन लावून त्याच्या हातात दिला. आमचा दादा फोनवर बोलतो ते सूचना दिल्यासारखं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्यानं घसा खाकरला. पलीकडून अक्काचं हॅलो ऐकू आलं. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "विजू, तुझ्या मनात काय आहे?"

एवढं विचारून तो पायरीवर बसला, आणि बराच वेळ नुसता ऐकत राहिला.